बारावीचे मार्क आणि पाणमांजरं

पुण्याहून निघालो तेव्हा माझ्याकडे दोन बॅगा होत्या आणि एक फाइल. बॅगांमध्ये काय होतं ते फक्त आईला माहीत होतं, फाइलमध्ये काय होतं ते अख्ख्या सोसायटीला. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्या सगळ्या मार्कशीट अप्पा बळवंत चौकात नेऊन लॅमिनेट करून आणल्या होत्या. चौथीच्या स्कॉलरशिपपासून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या सेमिस्टरपर्यंत. मध्येच एलिमेंटरी ड्रॉइंगचं सर्टिफिकेटही होतं, सी ग्रेड.

"अण्णा, सॉफ्टवेअरच्या नोकरीला चाललोय, ड्रॉइंग कशाला?" मी म्हटलं.

"असू दे. परक्या देशात कोण काय विचारील सांगता येत नाही. पण पहिले मार्कच विचारतात."

आईने हातावर दही-साखर ठेवली. टॅक्सी फाटकाशी उभी होती. अण्णा मिठी वगैरे मारणाऱ्यांतले नव्हेत; ते टॅक्सीच्या खिडकीतून आत वाकले, मला वाटलं आता काहीतरी म्हणतील, आणि ते म्हणाले, "फाइल हातातल्या बॅगेत ठेव. बॅगा हरवतात."

चांगी विमानतळावर उतरलो. इमिग्रेशनच्या काउंटरवर पासपोर्ट ठेवला आणि कोणी विचारायच्या आत फाइलही ठेवली. आतल्या बाईंनी ती उघडली. वर बारावीची मार्कशीट होती. त्यांनी ती बघितली, माझ्याकडे बघितलं, फाइल अलगद परत सारली आणि काउंटरवरच्या वाडग्यातल्या गोळ्यांकडे बोट दाखवलं. मी एक गोळी घेतली. पुदिन्याची होती. पुढे गेल्यावर वाटलं, दोन घ्यायला हव्या होत्या, डिस्टिंक्शन होतं.

तुम्ही जे तिकडे राहिलात त्यांना हे खरं वाटणार नाही, आणि जे माझ्यासारखे निघून आलात त्यांना माहीतच आहे: त्यानंतर सिंगापुरात मला एकाही माणसाने बारावीचे मार्क विचारलेले नाहीत. घरमालकाने विचारलं, हेवी कुकिंग करणार का. मॅनेजरने विचारलं, कॅन ऑर नॉट. हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे इथल्या खाण्याच्या गाळ्यांवरच्या, काकूंनी विचारलं, हॅविंग हिअर ऑर टेकअवे. मी म्हटलं, येस. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, येस. शेवटी त्यांनी माझ्याकडे जरा मायेने बघून नूडल्स अर्ध्या प्लेटमध्ये आणि अर्ध्या पिशवीत दिल्या. हा माणूस कधी काळी वर्गात पहिल्या पाचांत होता, हे त्यांना सांगणार कोण?

पुण्यात मात्र माझे मार्क जिवंत होते. नुसते जिवंत नव्हे, वाढत होते. मला बारावीला अठ्ठ्याहत्तर टक्के पडले होते. मी निघालो त्या वर्षी अण्णा लोकांना ऐंशी सांगत. पहिल्यांदा सुट्टीवर गेलो तेव्हा ब्याऐंशी झाले होते. लग्नात सासरच्या मंडळींना पंच्याऐंशी सांगितले गेले. माझी बायको माधवी अजूनही म्हणते की तिची फसवणूक झाली आहे. आई गेली त्या वर्षी मार्क जिथे होते तिथेच राहिले. पुढच्या दिवाळीला अण्णांनी खालच्या मजल्यावरच्या जोशांना अठ्ठ्याऐंशी सांगितलेले ऐकले, आणि मला एकदम हायसं वाटलं. अण्णा सावरताहेत असं मी माधवीला म्हणालो.

आता जुईबद्दल. जुई आमची एकुलती एक मुलगी. जन्म इथला, शाळा इथली, मराठी आमची. मराठीत विचारावं आणि इंग्रजीत उत्तर घ्यावं असा आमचा घरातला व्यवहार. आम्ही क्वीन्सटाउनमधल्या जुन्या ब्लॉकमध्ये अकराव्या मजल्यावर राहतो. माधवी नोव्हेनाला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, मी वन-नॉर्थला एका कंपनीत. जुई इथल्याच एका कॉलेजात अकाउंटन्सीच्या पहिल्या वर्षाला गेली, कारण मी सांगितलं. अकाउंटन्सीला मरण नाही, हे माझं वाक्य. अण्णांचंच आहे, मी फक्त पुढे सरकवलं.

कॉलेज सुरू होऊन दोन-तीन महिने झाले असतील, ती जेवताना म्हणाली, "बाबा, आय वॉन्ट टू ट्रान्सफर."

"कुठे, बी सेक्शनला?"

तिला अमेरिकेतल्या कॉलेजात जायचं होतं, दुसऱ्या वर्षापासून, आणि शिकायचं होतं प्राण्यांचं वागणं. प्राणी कसे राहतात, कसे भांडतात, जागा कशी धरतात, हे. पहाटे उठून ती अलेक्झांड्रा कॅनॉलवर पाणमांजरं बघायला जायची हे मला माहीत होतं, पण व्यायाम समजून मी त्याला उत्तेजन दिलं होतं. तिच्या हिशेबी हे एवढंच होतं: ट्रान्सफर मिळाली तर ती तिला हवं ते शिकणार, नाही मिळाली तर जन्मभर दुसऱ्यांचे ताळेबंद.

माधवी म्हणाली, "जाऊ दे की." मी मात्र सरळ मुद्द्यावर आलो. "एसएटीचं काय?"

एसएटी म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांसाठीची परीक्षा. जुईने ती बारावीच्या वेळी दिली होती. किती पडले ते सांगत नाही. आमच्या घरात तो आकडा अजूनही कोणी मोठ्याने म्हणत नाही. माझ्या मते एवढ्या मार्कांवर कोणी दारात उभं करणार नव्हतं. जुईच्या मते ट्रान्सफरला ते मार्क फारसे लागत नव्हते, कॉलेजातलं वर्ष लागत होतं. "त्यांच्या साइटवर लिहिलंय, बाबा. ऑप्शनल आहे ला." हे 'ला' म्हणजे इथल्या इंग्रजीचं शेपूट, आपल्या माणसाशी बोलताना आपोआप लागतं.

मी आमच्या मराठी पालकांच्या ग्रुपवर विचारलं. एक बँकवाले म्हणाले, मस्ट. एक डॉक्टर म्हणाल्या, लागत नाहीत. तिसऱ्या गृहस्थांनी लिहिलं, ऑप्शनल म्हणजे मस्टच असतं, आणि माझा त्यांच्यावर ताबडतोब विश्वास बसला. आपल्याकडे लग्नपत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापलेलं असतं. ते वाचून रिकाम्या हाताने गेलेला माणूस तुम्ही पाहिला आहे का?

तेव्हा मी जुईला पुन्हा परीक्षेला बसवायचं ठरवलं. क्लास लावला, शनिवार-रविवार आणि मध्ये एक संध्याकाळ. ती म्हणाली कॉलेजचा अभ्यास मागे पडेल. मी म्हटलं, मॅनेज होतं, आम्ही नाही केलं? आणि हे किती सोपं आहे ते दाखवायला मी स्वतः तिच्यासमोर डायनिंग टेबलवर सराव परीक्षेला बसलो. घड्याळ लावून. माधवीला मिक्सर बंद ठेवायला सांगून. गणितात ठीकठाक निभावलं. इंग्रजीत एक उतारा होता, कुठल्याशा बाईने आपल्या बागेबद्दल लिहिलेला, आणि खाली विचारलं होतं की लेखिकेचा सूर कसा आहे. चार पर्याय होते, मला चारही पटले. निकाल लागला तेव्हा घरात ज्याचा उच्चार होत नाही त्या आकड्याच्या मी खाली होतो.

माधवी आत जाऊन हसली. जुई हसली नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "इट्स ओके, बाबा. यू कॅन ट्राय अगेन."

खरं तर एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण आपल्याला कमी पडले की मुलांना जास्त पडले पाहिजेत असं वाटतं, हा आमचा जुना रोग. क्लास चालू राहिला. कॉलेजातल्या पहिल्या चाचण्यांचे ग्रेड आले, ते घसरले होते. मी म्हटलं, एसएटी झाली की बघू. जुई जेवताना कमी बोलायला लागली. एका सकाळी ती बुटांना चिखल लागलेल्या अवस्थेत घरी आली, मी चहा पीत होतो.

"त्या पाणमांजरांचे काही मार्क असतात का?" मी विचारलं.

"नो, बाबा."

'नो ला' नव्हे, नुसतं 'नो'. ज्यांची मुलं इथे वाढली त्यांना मी वेगळं सांगायला नको. मुलीने बापाशी बोलताना 'ला' लावणं सोडलं की काहीतरी बिनसलेलं असतं. माधवी मला म्हणाली, "रिपोर्ट वाईट येतोय तुझा. बघ काय ते." ती लॅबमधली आहे, तिची काळजीसुद्धा रिपोर्टच्या भाषेत येते.

त्याच आठवड्यात जुईला हव्या असलेल्या एका कॉलेजचं ऑनलाइन माहितीसत्र होतं, ट्रान्सफरवाल्या मुलांसाठी. तिने मला बजावलं होतं, "बाबा, तू येऊ नकोस. इट्स फॉर स्टुडंट्स." तेव्हा मी स्टुडंट या नावाने गेलो. बेडरूममध्ये लॅपटॉप घेऊन बसलो, कॅमेरा बंद, शेजारच्या खोलीत जुई. आमची संध्याकाळ, तिकडची सकाळ. एक हसतमुख बाई बोलत होत्या. प्रश्न चॅटमध्ये लिहा म्हणाल्या. मी लिहिलं, इंग्रजीतच लिहिलं, पण मराठीत ते साधारण असं होतं: आदरणीय महोदया, मी सिंगापूरचा एक हुशार विद्यार्थी असून माझे एसएटीचे मार्क परिस्थितीमुळे कमी आले आहेत, तरी सदर मार्कांचा विचार होईल की कसे ते कळवून उचित कार्यवाही व्हावी.

भिंतीपलीकडून जुईचा आवाज आला. "बाबा."

सगळ्या जगात 'उचित कार्यवाही' मागणारे विद्यार्थी असंख्य असतील, माझंच नाव कशाला यावं, असा विचार करत होतो. एवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, आणि बाई नेमक्या माझा प्रश्न वाचायला लागल्या, म्हणून मी ओरडलो, "माधवी, कुकर बंद कर, मार्कांचं सांगताहेत."

माइक चालू होता. पडद्यावरची तीस-चाळीस तोंडं एकदम वर झाली. दुसरी शिट्टीही सर्वांनी ऐकली. बाई म्हणाल्या, कोणाकडे तरी छान स्वयंपाक चाललेला दिसतोय.

दार उघडून जुई आत आली, हातात लॅपटॉप. मला वाटलं आता संपलं सगळं. ती माझ्या शेजारी पलंगावर बसली, माझा माइक बंद केला, आपला चालू केला, कॅमेराही चालू केला, म्हणजे अर्ध्या पडद्यात मीही आलो, घरातल्या बनियनवर.

"हा प्रश्न खरं तर माझा आहे," ती त्यांना म्हणाली. "हे माझे बाबा. मार्क कमी आहेत तेही माझे."

बाई हसल्या. मग म्हणाल्या, प्रत्येक कॉलेजचं वेगळं असतं, काही ठिकाणी मार्क मागतात, तिथे द्यावेच लागतात. आमच्याकडे ट्रान्सफरला येणाऱ्याचं आम्ही आधी कॉलेजचं वर्ष वाचतो. जुनी परीक्षा एका सकाळची असते, वर्ष हे वर्षाचं असतं. मार्क पाठवावेसे वाटले तर पाठव, नाही पाठवलेस तर आम्ही काही धरून बसणार नाही. "पण मला हे सांग, तिथे कॉलेजात गेल्यापासून तू काय केलंस?"

जुई बोलायला लागली. अलेक्झांड्रा कॅनॉलवरचं पाणमांजरांचं कुटुंब, त्यांत कोण कोणाचं, पिल्लांना पोहायला शिकवताना आई त्यांना मानगुटीला धरून पाण्यात कशी टाकते, दुसरं कुटुंब नदीकडून आलं तेव्हा मारामाऱ्या कशा झाल्या आणि आपल्या कुटुंबाने जागा बदलून पुलाखाली बस्तान कसं बसवलं. एका पिल्लाच्या गळ्यात रबराचं कडं अडकलं होतं, ते सुटेपर्यंत ती आणि आणखी काही जण रोज पहाटे जाऊन लक्ष ठेवून होते. पहाटे गस्त घालणाऱ्या त्या मंडळींत एक निवृत्त टॅक्सीवाले अंकल आहेत, ते कुटुंबातल्या सगळ्यांना हाक मारून दाखवतात. बाई वही पुढे ओढून लिहून घेत होत्या.

मी शेजारी बनियनवर बसून ऐकत होतो. मुलगी अशी बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. इतक्या सकाळी ती चिखल तुडवत घरी आली, आणि मी चहाच्या कपावरून तिला एकच प्रश्न विचारला होता, तोही मार्कांचा.

सत्र संपल्यावर ती उठली. मी म्हटलं, "क्लास बंद करतो."

"पैसे परत देणार नाहीत."

"मी जाईन त्या जागी. माझा इंग्रजीचा स्कोर बघितलास ना."

"आर यू क्रेझी ला," ती म्हणाली, आणि त्या 'ला'साठी मी माझी अख्खी फाइल दिली असती.

पुढच्या महिन्यांत तिने कॉलेजचे ग्रेड वर आणले. तिने तीन ठिकाणी अर्ज केले. एका कॉलेजला मार्क हवेच होते, तिथे पाठवले, तिथून नकार आला. ग्रुपवरच्या त्या तिसऱ्या गृहस्थांना मी अजून तो नकार कळवलेला नाही. दुसऱ्या कॉलेजने काहीच उत्तर दिलं नाही. तिसऱ्याने, त्या बाईंच्या कॉलेजने, मार्क न बघता घेतलं.

चांगीवर सोडायला गेलो तेव्हा मी एक फाइल घेऊन गेलो होतो. जुनीच, अण्णांची, तिच्यात जुईची कागदपत्रंही घातलेली. माधवीने गाडीतच सांगितलं होतं की ही काढू नकोस. मी काढली. जुईने ती पाय जुळवून बाकावर बसून पानापानाने बघितली आणि माझी एलिमेंटरी ड्रॉइंगची सी ग्रेड उपसून काढली.

"हे मी नेते. खोलीत लावीन."

"चांगली मार्कशीट ने की एखादी."

"नको. धिस वन इज यू."

मग ती आत जायला निघाली, मी पुढे झालो, काहीतरी मोठं, लक्षात राहील असं बोलायचं ठरवून आलो होतो, आणि तोंडातून निघालं, "पासपोर्ट हातातल्या बॅगेत ठेव. बॅगा हरवतात." ती मान हलवून काचेच्या दारातून आत गेली. टॅक्सीच्या खिडकीत वाकलेल्या अण्णांना तेव्हा नेमकं काय म्हणायचं होतं, ते मला त्या काचेच्या दारापाशी समजलं.

रविवारी अण्णांना व्हिडिओ कॉल केला. फोन कसा धरायचा ते त्यांना किती वेळा सांगितलं तरी पडद्यावर फक्त कपाळ दिसतं.

"पोचली का जुई?" कपाळाने विचारलं.

"पोचली, अण्णा."

"किती मार्कांवर घेतलं?"

"मार्क बघितलेच नाहीत."

कपाळावर आठ्या पडल्या. "म्हणजे डोनेशन?"

"नाही हो. इथे कॉलेजात गेल्यावर काय केलं, ते विचारलं."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग काय सांगितलं तिने?"

मी पाणमांजरांचं सांगितलं. पुलाखालचं बिऱ्हाड, गळ्यातलं कडं, सगळं. फोन जरा हलला, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांचे डोळे दिसले.

"आणि तू काय केलंस रे?"

"कधी?"

"तिकडे गेल्यावर. मी कधी विचारलंच नाही. लोकांना मार्कच सांगत राहिलो."

मला प्रमोशनचं सांगता आलं असतं. फ्लॅटचं सांगता आलं असतं, ते त्यांना माहीत होतं. मी नूडल्सचं सांगितलं, अर्ध्या प्लेटमध्ये आणि अर्ध्या पिशवीत. पहिल्या घरमालकाने फोडणी करू दिली नाही म्हणून वर्षभर दहीभात खाल्ला आणि आईला फोनवर रोज वेगळी भाजी सांगितली, ते सांगितलं. आईची बातमी आली ती दुपार सांगितली, जी मी कोणालाच सांगितली नव्हती: विमान दुसऱ्या दिवशीचं होतं, माधवी कामावर होती, मी दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये नुसता उभा होतो, तेव्हा शेजारच्या मलय मावशी काही न विचारता खुर्ची घेऊन आल्या आणि माझ्याजवळ बसून मटार सोलत राहिल्या. थोड्या वेळाने मीही सोलायला लागलो.

अण्णा हं, हं करत ऐकत होते. मग म्हणाले, "हे तुझ्या आईला आवडलं असतं." आणि पुढे म्हणाले, "उद्या जोशांना सांगतो."

"कुठलं? मटारांचं?"

"सगळंच. आणि ब्याण्णव टक्के होते, तेही सांगतो."

मी दुरुस्त केलं नाही. इथे आलो तेव्हा वाटायचं, किती बरं, या गावात कोणाला आपले मार्क माहीत नाहीत. आपण इथे जे करू तेच. आणि तसंच झालंही, मी तेवढ्यावरच इथला झालो. पण पुण्यात तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारा माणूस माझ्या अठ्ठ्याहत्तर टक्क्यांना दरवर्षी हाताने वाढवतो आहे, तोवर माझं तिकडचं घरही चालू आहे असं मी धरून चालतो.

परवा ब्लॉकखाली कोपी, म्हणजे इथली कॉफी, प्यायला गेलो होतो. दुकानातल्या अंकलनी विचारलं, मुलगी काय म्हणते. मी म्हटलं, मजेत आहे, फार हुशार आहे हो, इथल्या कॅनॉलवरच्या बारा पाणमांजरांना नावानिशी ओळखते.

खरी नऊच आहेत.